उतरलं, पण उडणार कसं?

नमस्कार श्रोतेहो. धावपट्टीच नसलेल्या दूरच्या माळावर छोटं विमान उतरवायचं म्हटलं की आपल्याला भीती वाटते ती चाकं टेकण्याच्या क्षणाची. अनुभवी वैमानिक मात्र त्याआधी दुसराच हिशेब मांडतो. इथून पुन्हा उडता येईल का?

बहुतेक छोट्या विमानांना थांबायला लागते त्याहून जास्त जागा उडायला लागते. त्यात उंचावरची विरळ हवा, तापलेली दुपार किंवा ओलं गवत असेल तर धाव आणखी लांबते. ३१ ऑक्टोबर १९५६ रोजी दक्षिण ध्रुवावर पहिलं विमान उतरलं. ते अमेरिकी नौदलाचं, दोन इंजिनांचं होतं, म्हणजे अगदी छोटं नव्हे. उतरणं ठीक झालं. पण तासाभराच्या आतच निघायची वेळ आली, तेव्हा विमानाच्या स्की, म्हणजे बर्फावर घसरायच्या पट्ट्या, बर्फाला घट्ट चिकटलेल्या! विमानाला जोडलेल्या पंधरा रॉकेटांच्या रेट्याने ते कसंबसं हवेत गेलं. छोट्या विमानाच्या वैमानिकाकडे अशी रॉकेटं कुठून असणार?

आता जमिनीकडे वळू. वरून सगळं सपाटच दिसतं. गवतात धोंडे आणि चाकोऱ्या दडलेल्या असतात. सुकलेल्या तळ्याची वरची पापडी कडक असते, खाली चिखल. सूर्य डोक्यावर असेल तर उंचवटे दिसतच नाहीत. तिरप्या उन्हात सावल्या लांबतात आणि जमीन खरं बोलू लागते. ढगाळ दिवशी बर्फावर तर सावलीच नसते, आपण किती उंचीवर आहोत तेही कळत नाही. चढावर उतरताना आणखी एक चकवा: आपण फार वर आहोत असं वाटतं आणि वैमानिक नकळत खाली येत जातो.

म्हणून आधी उंचावरून एक फेरी, मग जमिनीलगत उडत एक. काही वैमानिक नदीकाठच्या वाळूवर इंजिनाचा जोर कायम ठेवून चाकं नुसती टेकवून फिरवतात, न थांबता पुन्हा वर जातात आणि उमटलेल्या चाकोऱ्या बघतात. त्यांत पाणी झिरपताना दिसलं की तिथे उतरायचं नाही. मला ही युक्ती फार आवडते, पण ती नवशिक्यासाठी नाही. पुढचं चाक भुसभुशीत वाळूत रुतलं की पंखा जमिनीला लागतो, विमान उलटंही होतं. म्हणूनच अशा कामाला शेपटीखाली चाक असलेली, जाड टायरांची विमानं पसंत करतात. वेगाचंही भान हवं: वेग दहा टक्के जास्त, तर थांबवायची ऊर्जा एकवीस टक्के जास्त.

आणि मदत दूर असते. जुन्या १२१.५ मेगाहर्ट्झच्या आपत्कालीन संदेशयंत्राचा आवाज १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रह ऐकत नाहीत. ४०६ मेगाहर्ट्झचं यंत्र हवं. विमान उलटलं तर त्याची अँटेना मोडू शकते, म्हणून एक छोटं यंत्र खिशातही ठेवावं. पाणी, काडेपेटी, उबदार कपडे मागच्या कप्प्यात पडून राहिले आणि विमान पेटलं, तर त्यांचा काही उपयोग नाही. निदान काडेपेटी तरी अंगावर असू द्या. आणि कुठे उतरणार, कधी परतणार, हे निघण्याआधी कुणाला तरी सांगून जा.