म्हशीचा डॉक्टर घरी येतो

(पहाट. परड्यात तांब्याचा बंब, खाली जाळ. सोप्यात खाट.)

गारगोटीहून पाटगावकडं जाणारा रस्ता वेदगंगेची सोबत सोडत नाही. त्याच रस्त्याला लागून ही वाडी, भुदरगड तालुक्यातली. आज्जींना वय विचारलं तर म्हणतात, "जळिताच्या साली मी परकर घालून फिरत होतो." म्हणजे 1948, गांधीहत्येनंतर घरं जाळली गेली ते साल. आता तुम्हीच हिशेब करा.

तीन वर्षांपूर्वी न्हाणीत पाय घसरला आणि खुबा मोडला. कोल्हापुरात ऑपरेशन झालं, तेही चांगलं झालं. पण घरी आल्यावर रोज धरून उठवायचं, चार पावलं चालवायचं, ते करून घेणारं माणूस वाडीपर्यंत कधी आलंच नाही. आज्जी खाटेवरच राहिल्या.

(सून आज्जींची कूस बदलते. जवळून: हात, चादर, टाच.)

दर दोन तासांनी कूस बदला, असं दवाखान्यातून निघताना सांगितलं होतं. सूनबाई पहाटे साडेपाचला ओलं फडकं काढतात, बंबातल्या कोमट पाण्यानं अंग पुसतात, एका हातानं खांदा आणि दुसऱ्यानं कंबर धरून आज्जींना भिंतीकडं वळवतात. रबरी हातमोज्यात पाणी भरून, तोंड गाठून, तो टाचेखाली सारतात. ही युक्ती शेजारच्या खाटेवरच्या पेशंटकडं बघून उचललेली. मग धारा काढायच्या, कारण डेअरीचा काटा कुणासाठी थांबत नाही. त्यानंतर वैरण, भांगलण. परत यायला बारा वाजतात. तोवर आज्जी त्याच कुशीवर. माकडहाडावर रुपयाएवढी जखम आहे. भरत आली की परत उघडते.

आज्जींचा मुलगा कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत पाळीला जातो. त्याला दोष देऊन हा व्हिडिओ संपवता आला असता. पण त्याचा पगार बंद झाला तर ड्रेसिंगची पट्टीही बंद होईल.

(गोठा. म्हैस.)

आम्ही तिथं असतानाच म्हशीला ताप आला. फोन गेला आणि दुपारच्या आत जनावरांचा डॉक्टर मोटारसायकलवरून दारात. आज्जींना डॉक्टर दाखवायचा तर चार माणसं, एक गाडी आणि अख्खा दिवस लागतो. 75 वर्षांपुढच्यांना एसटी 2022 पासून फुकट आहे. खाटेपासून थांब्यापर्यंतचं काय, ते तिकिटावर लिहिलेलं नाही.

सरकार काही देत नाही असं नाही. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला दीड हजार येतात. सत्तरीपुढच्या सगळ्यांना 2024 पासून आयुष्मानचं पाच लाखांचं संरक्षण आहे, पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावर. घरी पडून असणाऱ्याला त्यातला रुपया दिसत नाही. श्रावणबाळाचं नाव आलं, कावड उचलणारा खांदा तेवढा आला नाही.

कोल्हापूर शहरात बारा तासांच्या पाळीनं मावशी मिळते. वाडीसाठी विचारलं की पहिला प्रश्न, "परतीची एसटी किती वाजता?" आणि बोलणं तिथंच संपतं. ज्यांना परवडतं त्यांचीही हीच गत.

(आशाताई वहीसह रस्त्यावर.)

गावात घरोघर जाणारी एकच बाई, आशाताई. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या बाळाला बघायला तिनं सहा वेळा जायचं. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा दिवस. दिवस ठरलेले, पैसेही ठरलेले. खाटेवर पडून असलेल्या म्हाताऱ्यांसाठी घरभेटी ज्येष्ठांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात 2010 पासून लिहिलेल्या आहेत. ह्या घरी मात्र आशाताई येते ती माया म्हणून, जाता जाता. जखम बघते, सूनबाईंच्या हातचा चहा घेते आणि पुढच्या घरी जाते.

मला ह्या जिल्ह्याचंच नवल वाटतं. जिल्ह्याचा दूध संघ 1963 मध्ये उभा राहिला. उसाला कारखाना, पीककर्जाला सेवा सोसायटी. जे एकट्याला झेपत नाही ते चार घरांनी मिळून करायचं, हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. म्हातारपण तेवढं कुठल्याच सोसायटीच्या वहीत चढलं नाही, ते सुनेच्या खात्यावर राहिलं. केरळात शेजारपाजारच्या लोकांना शिकवून, नर्सच्या जोडीनं घरी जाऊन शुश्रूषा करायची पद्धत आहे, आणि 2008 पासून तिथल्या सरकारचं त्यासाठी धोरणही आहे. वाडीत चार बायकांना कूस बदलायला आणि जखम धुवायला शिकवलं, त्या तासांचे पैसे दिले, तर दुधासारखाच त्याचाही हिशेब मांडता येईल. निदान मांडून बघता येईल.

(संध्याकाळ. किटली घेऊन सून डेअरीकडं. खाट रिकाम्या सोप्यात.)

चित्रीकरणाला आम्ही तिघं होतो. खाट सरकवायला, आज्जींना वळवायला हात लावला. त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाच वेळा कूस बदलली. सूनबाई म्हणाल्या, एरवी तीनदा होती.

निघताना आज्जींनी विचारलं, "उद्या येताय न्हवं?"