तीन रंग आणि एक बशी

नमस्कार श्रोतेहो. घरात चार-पाच वर्षांचं मूल असेल, तर आजचं बोलणं खास तुमच्यासाठी आहे. सामान फार नाही: लाल, पिवळा, निळा असे तीन जलरंग, एक पांढरी बशी, ब्रश, पाण्याची दोन भांडी आणि फडकं. तीनच रंग, बरं का. चोवीस रंगांची पेटी कपाटात राहू द्या. आयता हिरवा हाताशी असला की तो करून बघावासा वाटतच नाही. आणि माझं तर स्पष्ट मत आहे की लहान मुलांच्या पेटीत काळा रंग नसावाच. एक फटकारा मारला की सगळं चित्र त्याच्या पोटात जातं.

माझी भाची चार वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. तिला झाड काढायचं होतं. म्हणाली, "मावशी, हिरवा कुठंय?" मी म्हटलं, "इथंच आहे, शोध." तिनं बशी उचलून खाली बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी गप्प. शेवटी तिनं बशीत भरपूर निळा घेतला आणि त्यात पिवळ्याचा ठिपका टाकला. ढवळलं. निळाच! आणखी पिवळा घातला. तरी निळाच. पिवळा संपत आला तेव्हा कुठे बशीत काळपट शेवाळी उतरला. तिचा चेहरा पडला. "पिवळा हरला," म्हणाली.

मी बशी धुऊन दिली आणि म्हटलं, "आता पिवळ्याला आधी बसू दे." तिनं पिवळा घेतला आणि ब्रशच्या टोकाला लागेल एवढाच निळा. झटक्यात पोपटी! ती उठून उभीच राहिली. त्या पोपटीनं एक पान रंगवलं. मग थेंबभर निळा, दुसरं पान. आणखी थेंब, तिसरं पान. असं करत एकाच फांदीवर कोवळ्या पानापासून जून पानापर्यंत सगळे हिरवे आले.

मग फुलं जांभळी हवी झाली. लालात निळा मिसळला, पण जांभळा होईना, मातकट तपकिरी झाला. मला वाटलं, आता रडणार. तिनं बशीकडे जरा वेळ बघितलं, म्हणाली, "हे खोड आहे," आणि सरळ बुंधा रंगवायला घेतला.

तर श्रोतेहो, फिका रंग आधी, गडद रंग नंतर. पुन्हा सांगते: फिका आधी आणि गडद त्यात थेंबाथेंबानं. उलट केलंत तर फिका रंग वाया जातो.

आणि तो जांभळा का बिघडला? तिच्याकडचा लाल शेंदरीकडे झुकणारा होता. शेंदरीत पिवळ्याची छटा असतेच, म्हणजे बशीत तिन्ही रंग एकत्र आले. प्रत्येक रंग प्रकाशातला आपला वाटा शोषतो; तिघांनी शोषल्यावर डोळ्यापर्यंत थोडाच प्रकाश पोचतो आणि रंग मातकट दिसतो. जांभळ्यासाठी लाल गुलाबीकडे झुकणारा घ्या, किरमिजी. रंगीत छपाईतही पिवळ्या आणि निळसर शाईच्या जोडीला लाल नसते, किरमिजी असते.

चित्र झाल्यावर "हे काय काढलंस?" असं मोठी माणसं विचारतात ना, ते मला अजिबात आवडत नाही. मुलाला वाटतं, ओळखूच आलं नाही. त्यापेक्षा "हा रंग कसा केलास?" असं विचारा. मग बघा, किती बोलतात!

नारिंगी मी सांगत नाही. पिवळा आणि लाल बशीत शेजारी ठेवा आणि हात मागे घ्या. फक्त ब्रशकडे लक्ष असू द्या: आधी पहिल्या भांड्यात धुवायचा, मग दुसऱ्यात, मग फडक्याला टिपायचा. पहिलं पाणी गढूळ झालं की बदला, नाहीतर पोपटी काही केल्या पोपटी होत नाही. नमस्कार.