तिकीटखिडकीच्या मागचा हिशोब

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ते म्युझियम, प्राणीसंग्रहालयं आणि मोठाली पार्कं यांच्याबद्दल, पण आत काय बघण्यासारखं असतं ते नाही, तर ही ठिकाणं पैशाच्या दृष्टीने चालतात कशी ते. आपण खिडकीवर तिकीट काढतो, दोन तास फिरतो आणि समजतो की आपल्या तिकिटावरच सगळं चाललंय. तसं नाहीये हो. बहुतेक ठिकाणी तिकिटाच्या पैशात खर्च भागतच नाही. बाकीचा पैसा सरकारकडून, देणगीदारांकडून, कँटीनमधून, दुकानातून, पार्किंगमधून गोळा करावा लागतो. आणि एक वाक्य मी आज परत परत म्हणणार आहे, ते तेवढं लक्षात ठेवा: खर्च रोजचा असतो, कमाई गर्दीची असते.

म्हणजे काय, तर कारखान्याला मागणी नसली की मशीन बंद ठेवता येतं. वाघाला बंद ठेवता येत नाही. कोणी बघायला येवो न येवो, त्याला खायला लागतं, पिंजरा रोज धुवावा लागतो, डॉक्टर लागतो, रात्रीचा पहारेकरी लागतो. म्युझियमचंही तेच, जुनी चित्रं, कापड, लाकूड यांना हवा ठरावीक थंड आणि ठरावीक दमट लागते, त्यामुळे रात्री तीन वाजताही मशीनं चालूच. आणि बऱ्याच मोठ्या म्युझियममध्ये आपल्याला दिसतो तो संग्रहाचा छोटासा भाग असतो, बाकी सगळं गोदामात, पण त्या गोदामाचंही वीजबिल येतंच ना! 2020 मध्ये लॉकडाऊन लागलं तेव्हा जर्मनीतल्या नॉयमुन्स्टरच्या झूने सरळ यादी केली होती, की पैसे संपलेच तर कुठले प्राणी आधी मारावे लागतील. अगदीच शेवटचा उपाय म्हणून, पण यादी केली होती. मार्च-एप्रिलची गर्दी गेली आणि दार बंद, पण खर्च रोजचाच.

आता मला जी गोष्ट सांगायचीच आहे ती सांगतो. फिनलंडमध्ये ॲहतॅरी नावाचं गाव आहे. साधारण सहा हजार वस्ती, आजूबाजूला जंगल, हिवाळ्यात नुसतं बर्फ. तिथे एक झू आहे, आणि त्या झूमध्ये जानेवारी 2018 मध्ये चीनहून दोन पांडा आले. नर पांडाचं नाव प्युरी ठेवलं, मादीचं लुमी. त्याच्या आदल्या वर्षी फिनलंडच्या स्वातंत्र्याला 100 वर्षं होत होती, चीनचे राष्ट्राध्यक्ष शी जिनपिंग एप्रिल 2017 मध्ये तिकडे भेटीला गेले होते, तेव्हा हे ठरलं. करार 15 वर्षांचा. गावाला काय आनंद झाला असेल विचार करा, अख्ख्या देशात पांडा कुठे तर आपल्या गावात!

पण पांडा विकत मिळत नाही आणि हल्ली भेटही मिळत नाही. पूर्वी मिळायचा, 1972 साली अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनला जाऊन आल्यावर वॉशिंग्टनच्या झूला एक जोडी भेट मिळाली होती. पुढे 1980 च्या दशकात ते बंद झालं आणि पांडा उसने मिळायला लागले. जोडीमागे वर्षाला साधारण दहा लाख डॉलरपर्यंत फी, ती चीनमधल्या संवर्धनाच्या नावाने द्यायची, आणि पिल्लू झालं तर तेही चीनचंच.

बरं, पांडा आला म्हणजे त्याला ठेवणार कुठे? ॲहतॅरीच्या झूने पांडासाठी वेगळं घर बांधलं, त्याला 80 लाख युरोच्या वर खर्च आला. इथे नीट ऐका, कारण पैसा कुठे जातो ते इथे कळतं. पांडा एकलकोंडा प्राणी. जोडी म्हणून आणला तरी नर आणि मादी वर्षभर वेगवेगळे ठेवावे लागतात, म्हणजे घर एक असलं तरी आतली व्यवस्था डबल. मादीचा माजाचा काळ वर्षातून एकदाच, तोही जेमतेम दोन-तीन दिवसांचा. तो हुकला की पुढच्या वर्षापर्यंत थांबा. आणि खाणं म्हणाल तर पांडाचं पोट मांसाहारी प्राण्याचं आणि खाणार मात्र बांबू, त्यामुळे त्यातलं पाचवा हिस्साही धड पचत नाही, म्हणून तो दिवसातले दहा-बारा तास नुसता चघळत बसलेला असतो, एकेका दिवसाला बारा किलोपासून अगदी पस्तीस-अडतीस किलोपर्यंत बांबू फस्त करतो. शिवाय चोखंदळ, शिळा बांबू बाजूला सारतो, हवा तो भाग खातो आणि उरलेला टाकून देतो, तो परत गोळा करायला माणूस हवा. आणि हे सगळं बर्फाच्या देशात, जिथे बांबू बाहेरून आणावा लागतो. फी, खाणं, माणसं, वीज असं सगळं धरून वर्षाचा खर्च जायला लागला 15 लाख युरोपर्यंत.

झूचा हिशोब असा, की पांडा बघायला लोक लांबून येतील, तिकिटं खपतील आणि त्यातून कर्ज फिटेल. हिशोब चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, नवीन प्राणी आला की गर्दी वाढतेच, प्रत्येक झूवाल्याला हे माहीत असतं. पण ती गर्दी नव्याची असते. ज्यांना बघायचं असतं ते पहिल्या एक-दोन वर्षांत बघून जातात, आणि सहा हजारांच्या गावात रोज नवीन माणूस आणणार कुठून? पिल्लू झालं असतं तर परत रांगा लागल्या असत्या, पण पिल्लू काही झालं नाही. मग 2020 उजाडलं, प्रवास बंद. मग महागाई, मग कर्जाचे व्याजदर वर. खर्च रोजचा, कमाई गर्दीची, आणि गर्दीच नाही! झूने सरकारकडे मदत मागितली, सरकारने नाही म्हटलं. शेवटी नोव्हेंबर 2024 मध्ये, करारातली आठ वर्षं शिल्लक असताना, लुमी आणि प्युरी चीनला परत गेले. भांडण नाही, राजकारण नाही, दोन्हीकडून हेच सांगितलं गेलं. निव्वळ न परवडणं.

ही गोष्ट मी ज्याला त्याला सांगतो, कारण नेहमी घोळ होतो तो इथेच. इमारतीला पैसे मिळतात, उद्घाटनाला मिळतात, देणगीदाराला दालनावर आपलं नाव हवं असतं. पण दहा वर्षांनी छत गळायला लागलं की त्या दुरुस्तीवर नाव घालायला कोणी येत नाही. माझं तर स्पष्ट मत आहे की नवीन दालन बांधायचं असेल तर पुढच्या वीस वर्षांच्या देखभालीचा पैसा आधी बाजूला काढून दाखवा आणि मगच कुदळ मारा.

आणि जाता जाता, बसायला बाकं ठेवा हो! मोठमोठ्या म्युझियममध्ये चालून चालून पायाचे तुकडे पडतात आणि बाक दिसतं ते तिसऱ्या दालनाच्या टोकाला. दमलेला माणूस कँटीनपर्यंत पोचत नाही, दुकानातही थांबत नाही, सरळ बाहेर पडतो. बाकं आणि स्वच्छ संडास यांच्यावर घातलेला पैसा परत येतो असं मला मनापासून वाटतं, आणि म्हातारी माणसं, लहान पोरं घेऊन आलेल्या आया यांचा दुवा मिळतो तो वेगळाच.

तिकिटाबद्दल दोन शब्द. ब्रिटनमध्ये 2001 च्या डिसेंबरपासून सरकारी राष्ट्रीय म्युझियम फुकट झाली आणि लोक भराभर वाढले. नेहमीची दालनं फुकट, पण स्पेशल प्रदर्शनाला तिकीट, शिवाय दुकान आहे, कँटीन आहे. सरकार अनुदान देतं म्हणून ते जमतं, अनुदान आटलं की तिथेही ओढाताण होते. फ्रान्सच्या लूव्ह्रने उलटं केलं, 2026 च्या जानेवारीपासून युरोपियन युनियन आणि तिच्या जोडीच्या नॉर्वेसारख्या दोन-तीन देशांतल्या माणसाला 22 युरो आणि बाहेरच्याला 32. मला हे पटत नाही. त्या म्युझियममध्ये इजिप्तच्या वस्तू, इराणच्या वस्तू, आणि तिथल्याच माणसाने त्या बघायला जास्त पैसे द्यायचे? छपराला, पाइपांना पैसा लागतो हे मान्य, पण हा रस्ता नको होता.

त्यापेक्षा अमेरिकेतल्या नॅशनल पार्कांची पद्धत बघा. 2004 च्या कायद्याने तिथे प्रवेश फीमधला निदान 80 टक्के पैसा साधारणपणे ज्या पार्कात जमला त्याच पार्काकडे राहतो. म्हणजे गेटवर भरलेल्या पैशातून त्याच पार्कातली पायवाट दुरुस्त होते, तिथलाच संडास बांधला जातो. पैसा सरकारी तिजोरीत गेला आणि मग वर्षभर मागत बसलं, असं होत नाही. गेटवरच्या माणसालाही मग तिकीट नीट फाडावंसं वाटतं, कारण ते पैसे आपल्याच जागेवर लागणार हे त्याला माहीत असतं.

आणि तुम्हाआम्हाला करता येण्यासारखं एकच सांगतो. जिथे वर्षाचा पास मिळतो तिथे तो घ्या. दोन-तीन फेऱ्यांत पैसे वसूल होतात हे तर झालंच, पण झूच्या दृष्टीने तो पैसा आधी हातात येतो, पावसाळा असो की परीक्षांचे दिवस असोत. गेटवर चिटपाखरू नसलं तरी त्या महिन्याच्या चाऱ्याचे पैसे तुमच्या पासातून आलेले असतात. पासवाली माणसं आडवारी, निवांत येतात, सोबत पाहुण्यांना आणतात, आणि पाहुणे तिकीट काढतात. पास घ्यायचा झाला तर सुट्टी संपल्यावर घ्या, तेव्हा त्यांना पैशाची खरी गरज असते. नमस्कार.