खिडकीचे गज

[दृश्य: वाईतलं जुनं घर. माजघराची खिडकी, उभे लोखंडी गज. सकाळचं ऊन.]

या खिडकीचे गज माझ्या पणजोबांनी बसवले. एकही वाकलेला नाही. सात वर्षांपूर्वी, गौरी-गणपतीच्या आदल्या आठवड्यात, आई इथे मेथी निवडत बसली होती. उजव्या डोळ्यात काहीतरी गेलं म्हणून तिनं तो तळहातानं झाकला, समोर बघितलं आणि मला हाक मारली.

"हे गज वाकलेत का गं?"

मी म्हटलं, नाही. तिनं हात काढला. गज सरळ. पुन्हा झाकला. पुन्हा मधोमध वाकडे, पाण्यात दिसावेत तसे. मग ती स्वतःच म्हणाली, "मोतीबिंदू असेल. पिकू दे. दिवाळीनंतर बघू."

आणि आम्ही सगळ्यांनी मान हलवली. आमच्याकडे साठीनंतर नजर अधू झाली की मोतीबिंदू, हे ठरलेलंच. त्या दोन महिन्यांची किंमत आईच्या डाव्या डोळ्यानं मोजली. त्या दोन महिन्यांसाठीच हे सगळं सांगायला बसले आहे.

[दृश्य: डोळ्याची आकृती. भिंग, मागचा पडदा, पडद्याच्या मध्यावर पिवळसर ठिपका.]

मराठीत तीन बिंदू आहेत आणि त्यांतच घोटाळा होतो. मोतीबिंदू हा आजार. डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, शस्त्रक्रियेनं बदलता येतं, बहुतेकांना पुन्हा स्वच्छ दिसतं. काचबिंदू हाही आजार. त्यात डोळ्याची नस दुखावते आणि सहसा कडेची नजर आधी जाते. पण पीतबिंदू हा आजार नव्हे. तो तुमच्या-माझ्या, प्रत्येकाच्या डोळ्यात असतो. डॉक्टर त्याला मॅक्युला म्हणतात. वयाबरोबर तो झिजू लागला की होतो तो आईचा आजार, पीतबिंदूचा ऱ्हास.

डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, अगदी मध्यावर, तुरीच्या दाण्याएवढी ही जागा. साधारण साडेपाच मिलिमीटर. तिच्या मधोमध मोहरीएवढा खळगा. सुईत दोरा ओवणं, पोथी वाचणं, तांदळातला खडा शोधणं, समोरचा माणूस ओळखणं, सगळं या एवढ्याशा जागेच्या जिवावर. बाकीचा पडदा कडेचं बघतो, अंधारात बघतो, हालचाल टिपतो. अक्षर मात्र त्याला वाचता येत नाही.

ही जागा पिवळी का? ल्युटीन आणि झिॲक्सँथिन नावाच्या दोन रंगद्रव्यांमुळे. शरीराला ती बनवता येत नाहीत, खाण्यातून मिळवावी लागतात. पालक, मेथी, मका, अंड्याचा पिवळा बलक यांत ती असतात. दसऱ्याला आपण दाराला ज्या झेंडूचं तोरण बांधतो, त्याच झेंडूच्या पाकळ्यांतून औषध कंपन्या गोळ्यांसाठीचं ल्युटीन काढतात. मला हे कळलं त्या वर्षी तोरणाकडे मी जरा जास्त वेळ बघत राहिले.

[दृश्य: आकृती जवळून. पेशींचे थर, त्याखाली साचलेले पिवळे कण.]

प्रकाश टिपणाऱ्या पेशी रोज आपला झिजलेला भाग टाकतात, आणि खालचा एक पातळ थर तो कचरा उचलतो. पन्नाशीनंतर काहींच्या डोळ्यात हे काम मंदावतं. थराखाली पिवळे कण साचू लागतात. त्यांना ड्रुसेन म्हणतात. कण थोडे असतील तर माणसाला काही जाणवतही नाही.

पुढे दोन वाटा. एक कोरडी. पेशी सावकाश, वर्षानुवर्षं झडत जातात. दहापैकी आठ-नऊ रुग्णांचा प्रकार हाच. दुसरी ओली. पडद्याखालच्या थरातून नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या वर घुसतात आणि पाझरतात. पाणी साचलं की पडदा त्या जागी उचलला जातो. पेशी आपल्या जागेवरून हलतात, आणि मेंदूला सरळ रेघ वाकडी पोचते. आईचे गज वाकले ते असे. ही वाट कमी जणांची, पण नजर दिवसा-आठवड्यांत नेणारी.

आणि दोन्ही डोळे उघडे असताना हे कळत नाही. चांगला डोळा वाईट डोळ्याचं झाकून घेतो. आईच्या उजव्या डोळ्यात त्या सकाळी काही गेलं नसतं, तर तिला आणखी कित्येक महिने पत्ता लागला नसता.

[दृश्य: दवाखान्याचं बाक. बाहुली मोठी करणारे थेंब घालून डोळे मिटून बसलेली माणसं.]

दिवाळी झाली. पुण्याला पडद्याच्या डॉक्टरांकडे गेलो. थेंब घातले, ओसीटी काढली. ओसीटी म्हणजे प्रकाशाच्या साह्यानं पडद्याचा उभा छेद घेतल्यासारखी प्रतिमा. हे तंत्र १९९१ मध्ये पहिल्यांदा जगापुढे आलं. डोळ्याला काही लागत नाही. संगणकावर आईच्या डोळ्याचा पडदा दिसला: टेकडीसारखा उचललेला, खाली काळं पाणी. डावा डोळा ओला. उजव्यात ड्रुसेन, कोरडा.

डॉक्टरांनी विचारलं, "रेघा वाकड्या दिसून किती दिवस झाले?" आई माझ्याकडे बघायला लागली.

१९८९ मध्ये अमेरिकेत नेपोलियन फेरारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्या रक्तवाहिन्या वाढवणारं एक प्रथिन वेगळं करून ओळखलं. व्हीईजीएफ त्याचं नाव. ते रोखलं तर पाझर थांबेल, हा विचार पुढे औषधापर्यंत गेला. २००६ मध्ये रॅनिबिझुमॅबला अमेरिकेत मंजुरी मिळाली. त्याआधी या आजारात नजर टिकवणं फार थोड्यांच्या नशिबी होतं. औषध महाग होतं. त्याचंच भावंड म्हणावं असं बेव्हासिझुमॅब, मूळचं कर्करोगाचं, डॉक्टर डोळ्यासाठी वापरू लागले होते, आणि २०११ मध्ये मोठ्या चाचणीत दोघांचा नजरेवरचा परिणाम सारखाच निघाला. २०१५ मध्ये अहमदाबादच्या इंटास कंपनीनं रॅनिबिझुमॅबची समतुल्य आवृत्ती भारतात आणली. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला या तारखा फार जवळच्या वाटतात. कोणतं औषध परवडेल, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. त्यात संकोच नको.

डोळ्यात इंजेक्शन म्हटल्यावर आईचे पाय गार पडले होते. डोळा बधिर करतात, जंतुनाशक घालतात, पापणी चिमट्यानं उघडी ठेवतात. सुई बुबुळात जात नाही, बाजूच्या पांढऱ्या भागातून जाते. काही सेकंद. बाहेर येऊन ती म्हणाली, "कान टोचताना जास्त दुखलं होतं." सुरुवातीला महिन्याला एक, मग ओसीटी बघून अंतर वाढवत. इंजेक्शननंतर डोळा जास्त दुखू लागला, लाल झाला, दिसणं कमी झालं, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं.

पाणी ओसरलं. गज बरेच सरळ झाले. पण मध्ये एक करडा डाग राहिला, कारण तिथे तोवर व्रण धरला होता. लवकर आलो असतो तर काय उरलं असतं, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही.

[दृश्य: चौकटींचा कागद, मधोमध काळा ठिपका. हातानं एक डोळा झाकलेला.]

हा चौकटींचा तक्ता स्वित्झर्लंडचे डॉक्टर मार्क आम्सलर यांनी १९४०च्या दशकात रूढ केला. वाचायचा चष्मा लावायचा, कागद हातभर दूर नाही, वीतभराहून थोडा जास्त, साधारण तीस सेंटिमीटरवर धरायचा. एक डोळा नीट झाकायचा, मधल्या ठिपक्याकडे बघायचं. रेघा वाकतात का, तुटतात का, कुठे डाग आहे का? मग दुसरा डोळा. कागद नसेल तर मोरीच्या फरशा आहेत, भिंतीवरच्या कॅलेंडरचे चौकोन आहेत, खिडकी आहे. वाकडं दिसलं की त्याच आठवड्यात, जमलं तर दुसऱ्या दिवशी, पडदा तपासून घ्यायचा.

उजव्या डोळ्यासाठी गोळ्या मिळाल्या. २०१३ मध्ये अमेरिकेत पूर्ण झालेल्या मोठ्या अभ्यासातलं मिश्रण: क आणि ई जीवनसत्त्व, जस्त, तांबं, ल्युटीन, झिॲक्सँथिन. आजार मध्यम टप्प्यावर असेल तर तो पुढे सरकण्याचा धोका या गोळ्या कमी करतात. निरोगी माणसाला आजारापासून वाचवतात असं मात्र दिसलेलं नाही, म्हणून जाहिरात बघून सगळ्या घराला देऊ नका. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी, आणि पूर्वी ओढणाऱ्यांनीही, बीटा-कॅरोटीन असलेली गोळी टाळायची. त्यानं फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. खरं तर आपल्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच, धूम्रपान सोडणं. आणि डोळ्यात मध, गुलाबपाणी घालून पडद्यापर्यंत काहीही पोचत नाही.

[दृश्य: देवघर. निरांजन. आई हात जोडून.]

कोरड्या प्रकारानं उजवा डोळाही सावकाश नेला. अमेरिकेत २०२३ मध्ये त्याच्या शेवटच्या टप्प्यावर दोन औषधं मंजूर झाली. ती ऱ्हासाचा वेग कमी करतात, गेलेलं परत आणत नाहीत.

त्याच सुमारास आई संध्याकाळी देवघरात बसेनाशी झाली. कारण सांगेना. एका रात्री हळूच म्हणाली, "भिंतीवर लुगड्याच्या काठासारखी नक्षी दिसते. कधी छोटी छोटी माणसं जातात रांगेनं. बोलत नाहीत. मला काही झालंय का गं?" शेजारच्या काकू तिला म्हणाल्या होत्या, बाहेरचं असेल, दाखवून घ्या. आई आठ महिने ते भय एकटी वागवत होती.

१७६० मध्ये शार्ल बॉने या स्विस निसर्ग अभ्यासकानं आपल्या आजोबांबद्दल हेच लिहून ठेवलं. नजर अधू, बुद्धी शाबूत, आणि डोळ्यांपुढे नसलेली माणसं. डोळ्याकडून चित्र येईनासं झालं की मेंदू स्वतःच चित्रं रचतो. हे वेड नाही, बाधा नाही. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा आई रडली. माणसं अजून दिसतात. ती आता त्यांना जाऊ देते. तुमच्या घरात कुणाची नजर अशी गेली असेल तर त्यांना आपणहून विचारा. ते सांगणार नाहीत.

[दृश्य: स्वयंपाकघर. काळ्या ओट्यावर पांढरी परात. तिखटाच्या डब्याभोवती रबर.]

मधली नजर गेली तरी कडेची असते. आई घरात कुठेही धडकत नाही. दूध काळ्या कपात घालते, म्हणजे पातळी कळते. ज्ञानेश्वरी फोनवर ऐकते. माझा चेहरा बघायचा असेल तर ती माझ्या कानाकडे बघते. मग मी तिच्या नजरेच्या कडेला येते आणि तिला दिसते. अल्पदृष्टी २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, प्रमाणपत्रही निघतं. ते काढायला आम्हीच उशीर केला.

[दृश्य: पुन्हा खिडकी.]

हा आजार रक्ताच्या नात्यात उतरू शकतो. मी आता त्रेपन्न वर्षांची. दर सोमवारी चहाच्या आधी या खिडकीपुढे उभी राहते. आई मागून विचारते,

"बघितलंस?"

"बघितले. सरळ आहेत."

"एकेक डोळा झाकून?"

"एकेक."