डंबलडोर यांची छडी: सागवानातून, लेथशिवाय

नमस्कार. माझ्या हातात आहे ती हॅरी पॉटर चित्रपटमालिकेतल्या प्राध्यापक डंबलडोर यांच्या छडीची लाकडी प्रतिकृती. लेथ म्हणजे लाकूड फिरवून कातण्याचे यंत्र न वापरता, करवत, रंधा, पटाशी, चाकू आणि कानस एवढ्याच हत्यारांनी ती कशी घडवायची, हे आजच्या व्हिडिओत पाहू. माझा सारा भर लाकडाच्या रेषांवर राहणार आहे. कोरीवकाम थोडे ओबडधोबड झाले तरी ते या छडीला शोभते, पण तिरप्या रेषांचा तुकडा निवडला असेल तर पुढची सगळी मेहनत टोकाजवळच्या एका टिचकीसरशी वाया जाते.

मूळ वस्तूविषयी आधी थोडेसे. कादंबरीत ही छडी एल्डर नावाच्या युरोपीय झुडपाच्या लाकडाची आहे आणि तिची लांबी १५ इंच सांगितली आहे. एल्डरच्या कोवळ्या फांदीच्या मध्यभागी मऊ भेंड असतो आणि तो सहज बाहेर ढकलता येत असल्यामुळे तिकडची मुले पूर्वी त्या फांद्यांच्या शिट्ट्या आणि पिचकाऱ्या करत. चित्रपटासाठी मात्र एल्डर वापरलेले नाही. चित्रपटांसाठी प्रॉप, म्हणजे चित्रीकरणात वापरायच्या वस्तू, बनवणाऱ्या कारागिरांचे प्रमुख पिएर बोहाना यांनी सांगितल्याप्रमाणे ही छडी इंग्लिश ओकच्या बारीक तुकड्यातून घडवली, तिच्या अंगावर दर दोन-तीन इंचांवर गाठींचे फुगीर घोस ठेवले आणि मुठीत हाडाचा तुकडा बसवून त्यावर रून या प्राचीन युरोपीय लिपीतली चिन्हे कोरली. धावपळीच्या दृश्यांसाठी छड्यांच्या रबरी प्रती ओतल्या जात, त्यामुळे पडद्यावर आपटलेली प्रत्येक छडी लाकडीच होती असे समजू नये.

ओकला आपल्याकडचा सर्वांत जवळचा पर्याय सागवान आहे, असे माझे मत आहे. दोन्ही लाकडांत दर वर्षीच्या वाढीच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग तयार होते, म्हणून दोन्हींच्या पृष्ठभागावर सारख्याच ठळक उभ्या रेघा दिसतात. शिसव दिसायला देखणे असले तरी ते जड आणि मुळातच गडद असते, शिवाय त्याची भुकटी अनेकांच्या त्वचेला सोसत नाही. जुन्या लाकडाच्या वखारीत मोडलेल्या घराचे वासे किंवा चौकटी मिळतात, आणि वर्षानुवर्षे वाळलेले ते सागवान नव्या फळीपेक्षा केव्हाही चांगले.

आता मुख्य मुद्दा. तुकडा करवतीने कापून काढू नका, तो फोडून काढा. करवत आपण आखलेल्या रेषेवर चालते, तर फट लाकडाच्या स्वतःच्या रेषेवरून जाते, त्यामुळे फोडलेल्या कांबीत तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहतात. तंतूंचा उतार पाचास एक एवढा झाला, म्हणजे पाच इंचांच्या लांबीत ते एक इंच बाजूला सरकले, की वाकताना लाकडाची ताकद जवळपास निम्म्यावर येते. जाडीचा हिशेब तर याहून कठोर आहे. गोल काठीचा व्यास निम्मा केला की तिचा ताठपणा सोळाव्या हिश्श्यावर आणि ताकद आठव्या हिश्श्यावर येते. मुठीपाशी १४ मिलिमीटर आणि टोकाशी ६ मिलिमीटर असे माप मी ठेवतो. टोक याहून बारीक केले तर छायाचित्रात सुंदर दिसते, पण हाताळण्याजोगे राहत नाही.

फोडलेली कांब रंध्याने २० मिलिमीटर चौरस करून घ्यावी, मग टोकाकडे निमुळती करावी, आणि चारही कडा मारून तिचा अष्टकोन करावा. थेट गोल करण्याचा मोह टाळावा, कारण सपाट पैलू शाबूत असेपर्यंत मध्यरेषा आणि घोसांच्या जागा अचूक आखता येतात. घोसांमधली अंतरे टोकाकडे हळूहळू कमी करत न्यावीत आणि घोसही लहान करत जावेत. प्रत्येक घोसाच्या दोन्ही बाजूंना करवतीचा उथळ काप द्यावा आणि दोन घोसांमधले लाकूड चाकूने काढावे. हे पाहा, पाते नेहमी घोसाकडून मधल्या खोलगट भागाकडे चालले पाहिजे, म्हणजे जाडीकडून बारीकपणाकडे. उलट दिशेने गेलात तर पाते तंतूंखाली शिरते आणि घोसच उचकटून निघतो. काम टोकाकडून सुरू करून मुठीकडे सरकावे, म्हणजे ज्या भागावर जोर पडतो त्याच्यामागे जाड लाकडाचा आधार राहतो. घोसांवरचे मणी, म्हणजे गोलसर गाठी, मुद्दाम लहानमोठे कोरावेत. ते सगळे एकसारखे झाले, तर छडीऐवजी जिन्याच्या कठड्याचा खांब हातात येतो.

मुठीतल्या हाडाच्या जागी मी हेदूच्या फिकट पिवळ्या लाकडाची पातळ पट्टी बसवतो. हस्तिदंताचा प्रश्नच नाही, त्याच्या व्यापारावर कायद्याने बंदी आहे. पट्टीवरची चिन्हे सुईच्या टोकाने कोरून घ्यावीत, पण त्यांत काळा रंग सगळ्यात शेवटी भरावा.

छडीचा करडा-काळपट रंग बाजारातल्या डब्यातून आणण्यापेक्षा हिरड्यातून आणावा, हा या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे. हिरड्यात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते आणि लोहाशी संयोग होताच ते काळे पडते. कलमकारीचे कारागीर हिरड्यात बुडवलेल्या कापडावर लोहाचे द्रावण लावून काळी रेघ काढतात, ती याच रसायनावर. हेदूच्या पट्टीवर चिकटपट्टी लावून झाकावी, उरलेल्या छडीला हिरड्याचा गार केलेला काढा लावून वाळू द्यावा, आणि त्यावर लोखंडी कीस काही दिवस भिजवून गाळलेल्या व्हिनेगरचा हात फिरवावा. या व्हिनेगरच्या बाटलीचे झाकण घट्ट लावू नये, आत वायू तयार होतो. रंग पाहता पाहता चढतो, त्यामुळे द्रावण पातळच ठेवावे आणि आधी त्याच लाकडाच्या उरलेल्या तुकड्यावर चाचणी घ्यावी.

कथेतल्या छडीच्या गाभ्यात थेस्ट्रल या काल्पनिक प्राण्याच्या शेपटीचा केस असतो. हौस असेल तर मुठीच्या बाजूने दोन इंचांचे बारीक भोक पाडून त्यात घोड्याचा केस घालावा आणि लाकडाची खुंटी ठोकावी. पूर्ण लांबीचे भोक पाडायला जाऊ नये. मध्यभागातले थोडे लाकूड गेल्याने ताकद फारशी घटत नाही, पण एवढ्या लांबीत ड्रिल भरकटून बाहेर येते.

शेवटी पॉलिश. सागवानात नैसर्गिक तेल असते, म्हणून छडी आधी स्पिरिटने पुसून घ्यावी आणि मग चपडा लाखेचे पातळ थर फडक्याने द्यावेत. दोन थरांच्या मध्ये घोसांच्या खाचांत साचलेली लाख कोरड्या ब्रशने काढून टाकावी, नाहीतर मणी बुजतात. पावसाळी दमट हवेत लाखेवर पांढुरकी झाक येते, तेव्हा हे काम कोरड्या दिवसासाठी राखून ठेवावे.