घोळणा फुटलेले डॉक्टर

श्रोतेहो, नमस्कार.

भाजी चिरताना विळी बोटाला लागते. आपण हळदीची चिमूट दाबून धरतो, दोन-चार मिनिटांत रक्त थांबतं आणि श्रेय हळदीला जातं. खरं काम केलेलं असतं प्लेटलेट्सनी, म्हणजे रक्तबिंबिकांनी. डेंग्यूच्या पावसाळ्यांनी हा शब्द घरोघरी पोचवलाय. "किती झाल्या?" असं शेजारीसुद्धा विचारतात, आणि आकडा दीड लाखाखाली गेला की कोणीतरी पपईची पानं वाटायला बसतं. त्यात पपईच्या झाडाचे हाल होतात एवढं मी खात्रीनं सांगतो. पण आज आकड्याचं बोलायचं नाही. बिंबिका किती, हे वेगळं. त्या एकमेकींना कधी चिकटतात, हे वेगळं. आज चिकटण्याचं.

कॅलिफोर्नियातल्या ग्लेन्डेल शहरात लॉरेन्स क्रेव्हन नावाचे एक साधे फॅमिली डॉक्टर होते. काळ १९४०च्या दशकातला. ते टॉन्सिल काढत, आणि मग घसा दुखू नये म्हणून अ‍ॅस्पिरिन घातलेलं च्युइंगम चघळायला देत. काही पेशंटना मात्र एवढं रक्त जायचं, की इस्पितळात हलवावं लागे. क्रेव्हननी खोदून खोदून विचारलं. ज्यांना जास्त रक्त गेलं, त्यांनी परस्पर जास्तीची पाकिटं आणून चघळली होती!

दुसरा कोणी असता तर च्युइंगम बंद करून मोकळा झाला असता. क्रेव्हनच्या डोक्यात भलतंच आलं. जे घशातलं रक्त थांबू देत नाही, ते हृदयाच्या धमनीतली गुठळीही होऊ देणार नाही, नाही का? खात्री करायला गड्यानं स्वतःच रोज बारा गोळ्या घ्यायला सुरुवात केली. काही दिवसांतच त्यांचा घोळणा फुटला. श्रोतेहो, हा प्रयोग घरी करायचा नाही, बरं का!

पुढे ते मध्यमवयीन पुरुषांना रोज अ‍ॅस्पिरिन देऊ लागले. १९५६ पर्यंत असे सुमारे आठ हजार जण झाले. यातल्या कुणालाही हृदयात गुठळी झाली नाही, असं त्यांनी लिहिलं. पण तुलनेला गोळी न घेणारा गट नव्हता, आणि लेख छापले छोट्या नियतकालिकांत. कुणी ढुंकून पाहिलं नाही. थोरामोठ्यांच्या शिक्क्याशिवाय आपल्याकडे तरी कोण कुणाचं ऐकतं? १९५७ साली क्रेव्हन गेले. हृदयविकाराच्या झटक्यानं.

यामागचं कारण कळायला १९७०चं दशक उजाडलं. जखमेला चिकटलेली बिंबिका थ्रोम्बॉक्सेन नावाचा रेणू सोडते, "या गं, इकडे या!" उलट रक्तवाहिनीचं अस्तर प्रोस्टासायक्लिन सोडतं, "चला, पांगा!" पुन्हा सांगतो. थ्रोम्बॉक्सेन बोलावतं, प्रोस्टासायक्लिन पांगवतं. ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं, की असले रेणू तयार होणंच अ‍ॅस्पिरिन थांबवतं. त्यांना १९८२ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. आता गंमत बघा. बिंबिकेला केंद्रक नसतं, त्यामुळे हे रेणू बनवणारं, अ‍ॅस्पिरिननं बंद पाडलेलं यंत्र तिला नव्यानं बनवता येत नाही. अस्तराच्या पेशींना बनवता येतं. म्हणून छोट्या डोसनं बोलावणारी हाक जास्त दबते, आणि दबते ती त्या बिंबिकेच्या मरणापर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस.

या भांडणात संप्रेरकही पडतं. अ‍ॅड्रिनलिन. घाबरलो, संतापलो की ते वाढतं आणि बोलावणारी हाक मोठी करतं. सकाळी अंथरुणातून उभं राहिल्यावरही बिंबिका जास्त चिकट होतात. हृदयविकाराचे झटके सकाळी जास्त येतात, त्यामागचं हे एक कारण मानतात. त्यात ते मोबाइलचे कर्कश गजर! आमच्याकडे कोंबडा होता, तो निदान चढत्या आवाजात आरवायचा.

वेळ संपत आली. डॉक्टरांनी रोजची अ‍ॅस्पिरिन दिली असेल, तर दात काढण्याआधी दंतवैद्याच्या कानावर घाला. आपल्या मनानं ती सुरू करू नका, आणि मनानं बंदही करू नका. नमस्कार.