सिंकखालचं डिस्पोजर: आत नेमकं काय चालतं
नमस्कार मंडळी, आज बोलायचंय किचन सिंकच्या खाली बसवलेल्या डिस्पोजरबद्दल, म्हणजे खरकटं दळून पाण्याबरोबर ड्रेनेजमध्ये सोडणारं ते मशीन. ज्यांच्या घरी ते आहे त्यातल्या बऱ्याच जणांना ते आतून कसं चालतं हे कुणी सांगितलेलंच नसतं, स्विच दाबायचा, घरघर थांबली की बंद करायचं, बस. आणि मग एक दिवस सिंकमध्ये काळपट पाणी वर यायला लागतं. आतली रचना एकदा डोक्यात बसली ना, की काय टाकायचं आणि काय नाही हे पाठ करावं लागत नाही, आपोआप कळतं.

तर आत पाती नसतातच. मिक्सरसारखं काहीतरी असेल असं जवळपास सगळ्यांना वाटतं, मलाही कित्येक वर्षं तसंच वाटायचं. आत एक गोल तबकडी असते, तिच्यावर धातूचे दोन बोथट ठोकळे, सहसा सैल, हलणारे. मोटर चालू झाली की तबकडी गरगर फिरते, साध्या मोटरचीही मिनिटाला 1700 च्या वर फेरे मारते, आणि त्या वेगाने खरकटं बाहेरच्या भिंतीकडे फेकलं जातं. भिंतीला किसणीसारखी दातेरी कडी असते, तिच्यावर घासून घासून ते बारीक होतं आणि पाणी त्याला खाली पाईपात घेऊन जातं. म्हणजे दळायचं काम मशीनचं, पण वाहून न्यायचं काम पाण्याचं. तुंबतं ते बहुतेक वेळा मशीन नाही, पुढचा पाईप तुंबतो.

ही काळजी आजची नाही. जॉन हॅम्स नावाच्या आर्किटेक्टने 1927 साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावात हे मशीन बनवलं, 1935 मध्ये पेटंट मिळालं, आणि पुढे ते घराघरात गेलं, पण न्यूयॉर्क शहरात जुन्या ड्रेनेजवर भार पडेल म्हणून बऱ्याच भागात त्याला बंदी होती, ती 1997 मध्ये उठली.

आता माझ्याच घरची गोष्ट सांगतो. पाहुणे यायचे होते, ढीगभर बटाटे सोलले आणि सगळी सालं एकदम सिंकमध्ये लोटली. मशीनने मिनिटभरात दळून टाकली, आवाज मोकळा झाला, मी पाणी बंद करून पुढच्या कामाला लागलो. थोड्या वेळाने भांडी घासायला नळ सोडला तर पाणी खाली जाईचना. शेवटी खाली बादली ठेवून ट्रॅप उघडला, ट्रॅप म्हणजे तो वाकडा पाईप, आणि आत जे होतं ना ते हाताला लागल्यावरच कळलं, कागद चिकटवायची खळ असते तशी पांढरी, घट्ट खळ, पाईपभर. मशीनचं काहीच चुकलं नव्हतं, त्याने आपलं काम चोख केलं होतं. पिठूळ पदार्थ बारीक झाले की त्यांची खळच होणार. भात, पास्ता यांचंही तेच, शिवाय ते पाईपात जाऊन फुगतात. एखाददुसरा घास ताटात राहिलेला गेला तर चालतं, पातेलंभर नाही.

धागे असलेल्या गोष्टी, केळ्याची सालं, मक्याची पानं, शेलरीचे दांडे, या घासल्या तरी तुटत नाहीत, धागा धागाच राहतो आणि त्या ठोकळ्यांना गुंडाळला जातो. कांद्याचा तो आतला पातळ पापुद्रा तर फटीतून अख्खाच निसटतो. कॉफीचा चोथा गुपचूप जातो, काही आवाज नाही, पण ट्रॅपच्या तळाशी गाळासारखा बसत राहतो. आणि अंड्याच्या टरफलांनी पाती धारदार होतात असं जे सांगतात, अहो पातीच नाहीत तर धार कशाला लागणार? फळांच्या कोया, मोठी हाडं हे तर टाकूच नका. घराला सेप्टिक टँक असेल तर त्यात गाळ लवकर साठतो, तो जास्त वेळा उपसावा लागतो. आणि कंपोस्ट करायची सोय असेल तर सालं, देठं तिकडेच टाका, माझं तरी हेच मत आहे, सिंकमध्ये फक्त ताटाला चिकटलेलं जाऊ दे.

पाणी मात्र गार हवं, यावर माझा फार जोर आहे. गरम पाण्याने तूप-तेल पातळ होऊन पुढे जातं आणि पुढे पाईप गार असला की तिथे थर धरतं, त्या ओशट थरावर मग बाकीचं चिकटत जातं. गार पाण्यात स्निग्ध पदार्थ घट्टच राहतो आणि तुकडे होऊन निघून जातो. अर्थात कढईतलं तेल ओतायचं नाहीच, कागदाने पुसून कचऱ्यात टाका. आधी नळ सोडा, मग स्विच, मग थोडं थोडं टाका, आणि दळून झाल्यावरही 20-30 सेकंद पाणी चालू राहू द्या. लोक इथेच घाई करतात, आवाज थांबला की नळ बंद, आणि दळलेलं सगळं अर्ध्या वाटेत.

मशीन नुसतं हुंकारतंय, फिरत नाही, असं झालं तर लगेच बंद करा, कारण तसंच ठेवलं तर मोटर तापते. प्लग काढा किंवा एमसीबी पाडा, आणि तरीही हात आत घालू नका, टॉर्च मारा आणि चिमट्याने काढा. बऱ्याचदा चमचा किंवा बाटलीचं झाकण निघतं. बहुतेक मशीनच्या बुडाला मधोमध षटकोनी भोक असतं, त्यात पाव इंची ॲलन की, म्हणजे षटकोनी टोकाची वाकडी किल्ली, घालून दोन्ही बाजूंना फिरवायची, आधी हलत नाही, मग एकदम कट्कन सुटते आणि हाताला कळतं की मोकळं झालं. मोटर गार होऊ द्या, मग बुडाजवळचं लाल रिसेटचं बटण दाबा. अजिबात आवाजच येत नसेल तरी आधी ते बटण बघा, प्लंबरला फोन नंतर.

वास येत असेल तर तो बहुतेक त्या तोंडाशी असलेल्या रबराच्या झडपेचा असतो. मशीनची वीज तोडून झडपेच्या पाकळ्या वर उचला आणि खालची बाजू बघा, बुळबुळीत काळा थर असतो, जुन्या टूथब्रशला साबण लावून तेवढा घासला की वास गेलाच समजा. आत मूठभर बर्फ आणि जाडं मीठ टाकून गार पाण्यात फिरवा, लिंबाची सालं बारीक तुकडे करून. ड्रेन साफ करायची जहाल केमिकल्स नकोत, रबर आणि प्लास्टिक खराब होतं आणि उडालं तर डोळ्यात जातं.

अधूनमधून खाली वाकून कोरडा कागद फिरवून बघा. वर सिंकच्या जोडाशी ओल असेल किंवा बाजूच्या पाईपाशी, तर ते नीट करता येतं. पण बुडातूनच पाणी गळत असेल तर आतलं सील गेलेलं असतं, ते दुरुस्त करण्यात सहसा अर्थ नसतो, नवीन घ्या. आणि नवीन बसवताना डिशवॉशरचा पाईप त्यालाच जोडणार असाल तर त्या पाईपासाठी मशीनच्या बाजूला जे तोंड असतं त्यावरचं प्लास्टिकचं बूच आधी ठोकून पाडावं लागतं, आणि पाडलेला तुकडा मशीन चालू करण्याआधी आठवणीने आतून बाहेर काढा. नमस्कार.